सतरा नंबरचे दोन गुण

१

गठ्ठा गेला तो मंगळवारी सकाळी. म्हणजे गेल्याचं कळलं मंगळवारी. सहामाही परीक्षेचे बेचाळीस पेपर तपासून, बेरजा करून, सुतळीने बांधून गणिताच्या पाढेबाईंनी सोमवारी संध्याकाळी आपल्या कपाटात ठेवले, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि त्या घरी गेल्या. मंगळवारी कुलूप जिथल्या तिथे होतं. आत मधल्या फळीवर धूळ नसलेला एक चौकोन तेवढा उरला होता.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला तपासनीसबाई शाळेच्या फाटकातून आत शिरल्या. शिक्षण खात्यात छत्तीस वर्षं शाळा तपासून निवृत्त झालेली ही बाई आता चौसष्टीची होती. अशा संस्थांना कोणालाही काढून टाकण्याआधी बाहेरच्या माणसाकडून चौकशी करून घ्यावी लागते, आणि म्हाताऱ्या माणसाला चहा पाजला की ते सही करून जातं, अशी पुष्कळांची समजूत असते. म्हणून तपासनीसबाईंना बोलावणी येत.

मुख्याध्यापकांनी चहा मागवलाच. चाळिशीचा, तरतरीत माणूस. दोन वर्षांपूर्वी आल्या आल्या त्यांनी खडूचे काळे फळे उतरवले आणि पांढरे लावले, पितळी घंटा काढून विजेची बसवली, आणि वस्तू संपल्यावर ते माणसांकडे वळले. वर्षभरात पन्नाशी उलटलेले तिघे शिक्षक स्वेच्छेने घरी गेले होते. स्वेच्छा कोणाची, हे विचारायचं नसतं.

"मला पाढेबाईंबद्दल आदरच आहे," ते म्हणाले, "पण वय कोणाला चुकलंय? ही बघा फाईल. अकरा घटना. हजेरीपट पाण्याच्या टाकीमागे सापडला. पालकसभेच्या सूचनेवर यांची सही आहे, आणि सभेला याच गैरहजर. एकच धडा दोनदा शिकवला. आणि आता हा गठ्ठा! चार वाजता संचालक मंडळ बसेल. तुमचा अहवाल जोडला की ठराव होईल, स्मरणशक्ती क्षीण, सेवेस अपात्र. त्यांनाही विश्रांती मिळेल बिचाऱ्यांना."

'बिचाऱ्यांना' हा शब्द तपासनीसबाईंना खड्यासारखा लागला. त्यांच्या आईने शेवटची दोन वर्षं पोटच्या मुलीला 'मावशी' म्हणून हाक मारली होती. तेव्हापासून त्या स्वतः घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघत. आज सकाळी चारदा बघितलं होतं.

त्यांनी फाईल चाळली. पहिल्या घटनेच्या आठ दिवस आधीचा एक कागद तिच्यात चुकून राहून गेला होता. पाढेबाईंनी मंडळाला लिहिलेली तक्रार होती ती. वय झालेल्या शिक्षकांचे वरचे वर्ग काढून घेतात, प्रशिक्षणाला फक्त तरुणांना पाठवतात, आणि मग आम्हाला नवं काही येत नाही म्हणून शेरा मारतात, असं सरळ सरळ लिहिलं होतं.

"तक्रारीच्या आधी एकतीस वर्षं नोकरी झाली यांची," तपासनीसबाई म्हणाल्या. "त्यात किती घटना?"

"त्या जुन्या नोंदी मी पाहिल्या नाहीत."

"मी पाहिल्या. येताना खात्यात थांबून आले. शून्य." त्यांनी चहाचा कप तसाच बाजूला सारला. "एकतीस वर्षांत शून्य, आणि तक्रारीनंतर चार महिन्यांत अकरा. विसरभोळेपणा तारीख बघून येतो का हो, सर?"

२

पाढेबाईंचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. तक्रारीच्या दुसऱ्याच आठवड्यात दहावी काढून त्यांना पाचवी दिली होती, आणि गुडघ्याचं दुखणं माहीत असूनही वर्ग वर नेला होता. तपासनीसबाईंनी बासष्ट पायऱ्या मोजल्या.

वर्ग सुटलेला होता. पाढेबाई पहिल्या बाकावर, मुलांच्या जागी बसल्या होत्या. छप्पन्न वर्षांची, ठेंगणी, नीटनेटकी बाई. हातात छोटी वही होती. तपासनीसबाईंना पाहताच त्यांनी ती पदराआड लपवायचा प्रयत्न केला, आणि मग लपवली नाही.

"बघा ना," त्या म्हणाल्या. "आता लपवून काय करायचंय?"

वहीत दिवसभराची प्रत्येक हालचाल लिहिलेली होती. कुलूप लावलं. चष्मा डब्यात ठेवला. आठवा धडा शिकवला. प्रत्येक ओळीपुढे वेळ.

"कधीपासून लिहिता?"

"धडा दोनदा शिकवला तेव्हापासून. माझ्या टाचणवहीत खुणेची दोरी असते. ती ज्या पानावर, तो धडा. मी तो शिकवायला लागले, आणि पोरं म्हणाली, बाई, हा कालच झाला. चाळीस पोरं खोटं बोलतील का?" त्यांनी वहीचं पान उलटलं. "पालकसभेची सूचना मी वाचली होती. त्यावर पाच वाजता लिहिलं होतं. नंतर दाखवली त्यावर तीन. सही माझीच. आता मी काय म्हणू?"

"कपाटाची किल्ली?"

"ही गळ्यात. झोपतानासुद्धा."

"दुसरी?"

"आहे, पण ती घरच्या माणसाकडे असल्यासारखी आहे. तिची काळजी नको."

तपासनीसबाईंनी ते टिपून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "गठ्ठा तपासून पूर्ण झाला होता?"

"पूर्ण. लाल शाईने. पूर्वी दुसरा शिक्षक बेरजा पडताळायचा, ते आता बंद झालंय. यंत्र करतं म्हणे बेरीज. पण पेपर आधी हाताला लागले तर ना!" त्या हसायला गेल्या आणि हसू मध्येच थांबलं. "मॅडम, नोकरीचं सोडा. दोन वर्षं राहिलीत, नसती झाली तरी चाललं असतं. पण रात्री घरातल्यांची तोंडं बघते आणि वाटतं, उद्या यांचीही नावं जातील का? तुम्ही शोधाशोध करू नका. लिहून टाका तुम्ही."

"काय लिहू?"

"मीच कुठेतरी ठेवला असणार. खरं सांगते, मला आता माझाच भरवसा वाटत नाही."

३

शिक्षकखोलीत खिडकीशी दोन खुर्च्या एकमेकींना लागून होत्या. एक पाढेबाईंची. दुसरी विज्ञानाच्या बाईंची. त्या उंच आणि काटकुळ्या, म्हणून मुलांनी त्यांचं नाव परीक्षानळी ठेवलेलं, आणि ते त्यांना माहीत होतं. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागल्या होत्या, एकाच डब्यात जेवत होत्या.

कोपऱ्यात तिसरी एक खुर्ची रिकामी होती. तपासनीसबाई तिच्यावर टेकायला गेल्या तशी परीक्षानळी जवळजवळ ओरडल्याच.

"तिथे नको! म्हणजे, तिचा पाय हलतो. ही घ्या."

"कोणाची ती?"

"भूगोल सरांची." उत्तर दिलं ते नव्या बाईंनी. सत्ताविशीची, कंत्राटावरची गणिताची शिक्षिका. पाढेबाईंची दहावी हिलाच मिळाली होती, आणि जागा सुटली तर कायम होणार होती तीही हीच. "मागच्या वर्षी ते स्वेच्छेने गेले. दोन महिन्यांत वारले. तेव्हापासून तिथे कोणी बसत नाही. मला हे सगळं पटत नाही, पण मीही बसत नाही."

"गठ्ठा कोणी नेला असेल, काय वाटतं?"

नवी बाई लालबुंद झाली. "सगळ्यांना वाटतं मीच. मला फायदा आहे ना! पण मॅडम, त्यांची टाचणवही घेऊन मी दहावीचा एकेक तास काढतेय. त्या गेल्या तर मी कोणाला विचारू?"

परीक्षानळींना खोकल्याची उबळ आली. कोरडा, खोल खोकला, तीन ठसके आणि मग एक लांब श्वास. त्या पाणी प्यायल्या.

"खडूचा खोकला," त्या म्हणाल्या. "फळे गेले, हा काही जात नाही. मैत्रिणीबद्दल मी काय सांगू? दमलीय ती. तिला आता घरी जाऊ द्यावं असं मला वाटतं. तिच्या भल्यासाठी."

"तुमचं किती राहिलंय?"

"एक वर्ष."

भिंतीवर मधल्या सुट्टीच्या देखरेखीचा तक्ता होता, मुख्याध्यापकांच्या सहीचा. जिने, पाणी, फाटक, सगळीकडे नावं आलटून पालटून होती. मैदानापुढे मात्र सोमवार ते शनिवार एकच नाव होतं, पाढेबाई. दुखऱ्या गुडघ्याने भर उन्हात, रोज. तपासनीसबाईंनी तो तक्ता जसाच्या तसा उतरवून घेतला. का, ते त्यांचं त्यांनाही अजून ठाऊक नव्हतं. छत्तीस वर्षांची सवय, दिसेल ते उतरवायचं.

४

घंटावाल्या काकांना आता घंटा नव्हती. वीज आली आणि काकांची रवानगी फाटकावर झाली, पण सवयीने त्यांचा उजवा हात तासाच्या ठोक्याला अजून हलायचा.

"किल्ल्या कोणाकडे असतात?" तपासनीसबाईंनी विचारलं.

"ऑफिसच्या बाहेर खुंट्यांवर. कोणीही घ्या, कोणीही लावा. आपली शाळा म्हणजे धर्मशाळा."

"सगळ्या खोल्या शोधल्या?"

"सगळ्या." काका जरा घुटमळले. "एक सोडून."

"कोणती?"

"नकाशांची. भूगोल सरांची हो. सर गेले तेव्हापासून कोणी उघडत नाही तिला." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही हसाल, बाई. पण मंगळवारी मधल्या सुट्टीत मी त्या बोळातून येत होतो. पोरं सगळी मैदानावर. बोळात चिटपाखरू नाही. आणि आतून खोकला आला. सरांचाच. तीस वर्षं ऐकलाय मी तो. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग पानं उलटल्याचा."

"तुम्ही काय केलं?"

"काय करणार? पाय लावून पळालो! बुधवारी मन घट्ट करून पुन्हा गेलो, तर पुन्हा तेच. पानं उलटतायत. सर पेपर तपासायचे ना, अगदी तसंच." काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माणसाला असं हाकललं की ते जातं कुठे? इथेच राहणार. मी पण मेलो की इथेच घंटा देत बसेन बघा."

तपासनीसबाईंच्या अंगावर काटा आला, नाही म्हणायला नको. भर दुपारचे बारा वाजले होते, बाहेर मुलांचा कल्ला होता, आणि तरीही बोळाच्या त्या टोकाकडे बघवेना. पण त्यांनी पदर खोचला.

"काका, खोकायला फुप्फुसं लागतात. भुतांना ती नसतात. किल्ली आणा."

५

कुलूप सहज उघडलं. इतकं सहज की वर्षभर बंद असलेल्या कुलपाने त्याची लाज बाळगावी. त्याच्यात कोणीतरी तेल घातलं होतं.

आत गुंडाळलेले नकाशे भिंतीला टेकून उभे होते, खांदे पाडून उभी राहिलेली माणसं असावीत तसे. मधोमध टेबल. त्यावर पृथ्वीचा गोल. काका उंबऱ्याबाहेरच थांबले. टेबलावर जाड धूळ होती, पण खुर्चीसमोरचा हातभर तुकडा पुसलेला होता.

तपासनीसबाई कपाटाशी गेल्या. दार उघडलं. नकाशांच्या मागे, तपकिरी कागदात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं एक चौकोनी पुडकं होतं.

"सापडलं?" बाहेरून काकांनी विचारलं.

त्यांनी ते टेबलावर आणून सोडलं. डांबरगोळ्यांचा वास आला. बेचाळीस पेपर, अनुक्रमाने लावलेले, एकाचाही कोपरा दुमडलेला नाही. तपासनीसबाई त्या पुसलेल्या तुकड्याकडे आणि पुडक्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. पेपर चोरायचे आणि वर कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवायच्या, असा चोर त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

मग त्यांनी पहिला पेपर उघडला. लाल शाईत पाढेबाईंचे गुण, लाल शाईत बेरीज. आणि बेरजेच्या शेजारी एक बारीक हिरवी टिक.

दुसऱ्यावर हिरवी टिक. तिसऱ्यावरही. तपासनीसबाई उभ्या होत्या त्या मटकन खुर्चीत बसल्या, भूगोल सरांच्या खुर्चीत, आणि भराभर पेपर उलटत गेल्या. सतराव्यावर हात थांबला. तिथे लाल शाईत तेहतीस लिहिलेलं होतं. तेहतीसवर हिरवी आडवी रेघ मारून बाजूला लिहिलं होतं, पस्तीस.

पस्तीसला पास. त्यांनी स्वतः पानापानावरचे गुण मोजून बेरीज केली. पुरवणीच्या मागच्या पानावरचे दोन गुण पाढेबाईंच्या नजरेतून सुटले होते. बेरीज पस्तीसच होती. चोराने सतरा नंबरच्या मुलाला पास केलं होतं, आणि तेही अगदी रास्त.

६

दोन वाजता त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. गठ्ठा पिशवीतच ठेवला आणि इतकंच विचारलं, "तुमच्या शाळेत हिरवं पेन कोण वापरतं?"

"हिरवं? कोणी नाही. चित्रकलेला लागत असेल. का?"

त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं कोरं अज्ञान होतं. या माणसाला हिरवी टिक म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. नव्या बाईंनाही नव्हतं. "यंत्र बेरीज करतं की," ती म्हणाली. घंटावाल्या काकांना माहीत होतं, पण काकांची बेरीज बोटं संपली की संपायची.

पूर्वी तपासणारा लाल शाई वापरायचा आणि पडताळणारा हिरवी. आपला गठ्ठा कधी आपण पडताळायचा नाही, शेजाऱ्याने पडताळायचा. दोन वर्षांपूर्वी हे बंद झालं. म्हणजे जे हात अजूनही समोर आलेल्या पेपरावर आपसूक हिरव्या शाईने फिरतात, ते जुने हात. तसे शाळेत दोघींचेच उरले होते.

प्रयोगशाळेत परीक्षानळी एकट्याच काचेची भांडी पुसत होत्या. तपासनीसबाई समोरच्या स्टुलावर बसल्या.

"तुमच्याकडे हिरवं पेन आहे का?"

भांडं हातातून सुटलं नाही, पण पुसणं थांबलं. "दोन वर्षांपूर्वीच टाकून दिलं."

"पाढेबाईंच्या कपाटाची दुसरी किल्ली?"

"तिने सांगितलं?"

"नाही. त्या म्हणाल्या, ती घरच्या माणसाकडे असल्यासारखी आहे. काळजी नको."

परीक्षानळींनी भांडं ओट्यावर ठेवलं. मग त्या खिडकीशी गेल्या. मैदान रिकामं होतं.

"भूगोल सर नोकरी सोडून गेल्यावर मी त्यांना भेटायला गेले होते," त्या हळूच म्हणाल्या. "सकाळी सात वाजता. सर शर्ट घालून, बॅग भरून खुर्चीत बसले होते. वहिनी म्हणाल्या, रोज बसतात. दहाला बॅग रिकामी करतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरतात. मला म्हणाले, काय हो, घंटा झाली का? पंधरा दिवसांनी गेले. बॅग भरलेलीच होती." त्यांनी ओठ घट्ट मिटले. "मला तसं मरायचं नाही, मॅडम. एक वर्ष. फक्त एक वर्ष नीट पार पाडून, हार घालून, फोटो काढून घरी जायचंय."

"आणि कोणीतरी सांगितलं की ते वर्ष मिळेल."

परीक्षानळींनी पुसायचं फडकं पुन्हा उचललं.

"मला गठ्ठा मिळालाय," तपासनीसबाई म्हणाल्या. "चार वाजता तुम्ही खरं सांगाल का?"

"मी काही केलेलं नाही," परीक्षानळी म्हणाल्या, आणि खोकला आला. तीन ठसके, एक लांब श्वास. नकाशांच्या खोलीतलं भूत ते हेच होतं. ते समोर पांढरा कोट घालून उभं होतं.

७

संचालक मंडळाचे अध्यक्ष अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांना नवं रक्त आणायला मात्र कोणी सांगत नव्हतं. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन दोन सभासद, टोकाला मुख्याध्यापक, समोर खुर्चीत पाढेबाई. परीक्षानळींना साक्षीसाठी बोलावून भिंतीशी बसवलं होतं. पाढेबाईंना पाहून त्यांनी मान खाली घातली. पाढेबाईंनी त्यांच्याकडे बघून डोळ्यांनीच धीर दिला, तू नको घाबरू म्हणून.

तपासनीसबाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला.

मुख्याध्यापक लगेच बोलले. "बघा! म्हणजे यांनीच कुठेतरी ठेवला होता. मी म्हणतच होतो."

"नकाशांच्या खोलीत होता," तपासनीसबाई म्हणाल्या. "मंगळवारी आणि बुधवारी, मधल्या सुट्टीत, कोणीतरी तिथे बसून याच्यातल्या बेचाळीस बेरजा पडताळल्या, हिरव्या शाईने. काकांनी खुर्चीचा आवाज ऐकला, खोकला ऐकला, पानं ऐकली."

"तेच तर! बाईच जाऊन बसल्या असतील. आणि विसरल्या."

"मंगळवारी मधल्या सुट्टीत पाढेबाई कुठे होत्या, ते तुम्हीच लिहून ठेवलंय, सर." त्यांनी उतरवलेला तक्ता अध्यक्षांपुढे सरकवला. "मैदानावर. बुधवारीही. सोमवार ते शनिवार रोज, भर उन्हात, आणि खाली तुमची सही. सहाशे मुलांनी त्यांना तिथे उभं पाहिलंय. तक्रार केली म्हणून तुम्ही त्यांना जी शिक्षा दिलीत, तिनेच आज त्यांना सोडवलं."

अध्यक्षांनी चष्मा वर करून तक्ता वाचला. मुख्याध्यापकांनी क्षणभर विचार केला, आणि पुढच्या क्षणी त्यांनी जे केलं त्यावरून तपासनीसबाईंना तो माणूस पुरता कळला. त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

"मग या असतील. मला काय माहीत, जुन्या मैत्रिणी आहेत! चौकशी करून यांनाही काढू."

परीक्षानळी पांढऱ्याफटक पडल्या. वर्षाचा सौदा एका वाक्यात उडाला होता. आणि तपासनीसबाईंपाशी पुढे काही नव्हतं. टिक कोणाचीही असू शकते, टिकेला अक्षर नसतं. पस्तीसचे दोन आकडे, त्यावरून कोणाला फासावर चढवायचं?

तेवढ्यात पाढेबाई उठल्या. तक्ता, मुख्याध्यापक, अध्यक्ष, कशाकडेच त्यांचं लक्ष नव्हतं. त्या गठ्ठ्याशी गेल्या आणि एकेक पेपर उलटू लागल्या.

"मी विसरले नव्हते," त्या म्हणाल्या. कोणाला उद्देशून नाही. "मी कपाटातच ठेवले होते. मी विसरले नव्हते." डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि त्या पुसत नव्हत्या. "दोरीही मी हलवली नाही. सूचनेवर पाचच होते."

मग सतरावा पेपर आला. त्यांनी तेहतीसवरची रेघ पाहिली, पुरवणी उलटली, मागचं पान पाहिलं. पस्तीसमधला तीनचा आकडा त्यांनी एकोणतीस वर्षं आपल्या प्रत्येक गठ्ठ्यावर पाहिला होता.

"दोन मार्क," त्या म्हणाल्या. "माझेच राहिले होते. पोरगं नापास होत होतं." त्यांनी पेपर उचलला आणि भिंतीकडे चालत गेल्या. गुडघा दुखत होता, ते दिसत होतं. पेपर त्यांनी मैत्रिणीच्या मांडीवर ठेवला.

"पण खाडाखोडीखाली सही नाही गं. दोघींची लागते. नाहीतर मार्क धरत नाहीत, तेहतीसच राहतात. माझी मी करते." त्यांनी लाल पेनाने सही केली. "तुझी राहिलीय."

परीक्षानळी पेपराकडे बघत राहिल्या. त्यांना सही न करणं सोपं होतं. मान हलवायची, माझं नाही म्हणायचं, आणि सतरा नंबर नापास. त्यांचा हात पर्सच्या आतल्या कप्प्यात गेला. बाहेर आला तेव्हा त्यात हिरवं पेन होतं. टोपण चघळलेलं, जुनं, दोन वर्षांपूर्वी टाकून दिलेलं.

त्यांनी सही केली, तारीख घातली, आणि उभ्या राहिल्या.

"हजेरीपट मी टाकीमागे ठेवला," त्या अध्यक्षांकडे बघून म्हणाल्या. आवाज वर्गात धडा सांगावा तसा स्पष्ट होता. "दोरी मी हलवली. सूचना दोन छापल्या होत्या, पाचवाल्या सूचनेवर हिची सही मी घेतली, आणि तीनवाल्यावर तीच सही गिरवली. सगळं मुख्याध्यापकांनी सांगितलं म्हणून. अकराही वेळा यांच्याच खोलीत ठरलं. गठ्ठा जाळून टाका म्हणाले होते."

"खोटं आहे हे!" मुख्याध्यापक उठले.

"खाली बसा," अध्यक्ष म्हणाले. ठरावाचा कागद त्यांनी उलटा करून ठेवला. "तुमचं आम्ही नंतर ऐकू. सविस्तर."

पाढेबाई हे काही ऐकत नव्हत्या. "मग जाळलास का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"पेटवायला गेले होते गं. म्हटलं, एकदा नजर टाकावी." परीक्षानळींचा बांध फुटला. "मुलांचे पेपर आहेत ते. कसे जाळायचे?"

पाढेबाईंनी सतरावा पेपर गठ्ठ्यात सोळा आणि अठराच्या मध्ये नीट घातला आणि सुतळी बांधली. मग गळ्यातली किल्ली काढून मुठीत धरली आणि दुसरा हात पुढे केला. परीक्षानळींनी पर्समधून दुसरी किल्ली काढून त्या हातावर ठेवली. एकतीस वर्षांनी दोन्ही किल्ल्या एका ठिकाणी आल्या.

तपासनीसबाई दारापाशी त्यांच्यासाठी थांबल्या होत्या. "आता ती वही फेकून द्या," त्या म्हणाल्या. "तुमचं डोकं शाबूत आहे. तुम्ही काही म्हणजे काही विसरत नाही."

पाढेबाईंनी दोन्ही किल्ल्या एकाच दोरीत ओवल्या आणि मागे वळून भिंतीशी उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या कोटाकडे एकदा पाहिलं.

"चार महिने देवाला तेवढंच मागत होते," त्या म्हणाल्या. "आता वाटतं, हे एवढं तरी विसरता आलं असतं तर."